हातातल्या फोनवर कोड लिहायचा तर

पावसाबरोबर कॉलेजं सुरू होतात, पहिल्या पंधरवड्यातच प्रोग्रामिंगचा तास येतो, आणि वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी लॅपटॉप नसतो. ‘लॅपटॉप घेतल्यावर बघू’ म्हणत पहिलं सत्र हातचं जातं. गोवा सरकारनं २०२१ मध्ये शाळांतून कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवायची ‘केअर्स’ योजना आणली, त्यामुळे शाळकरी पोरांनाही शाळेतल्या लॅबमध्ये कोडची ओळख होते. घरी सराव करायला मात्र आईचा नाहीतर बाबांचा फोन तेवढा असतो. हा लेख या सगळ्यांसाठी आहे. साधा अँड्रॉइड फोन आणि त्यात दोन-तीन जीबी मोकळी जागा, एवढ्यावर पायथन, सी या प्रोग्रामिंगच्या भाषा शिकता येतात, वेब पान करून जगाला दाखवता येतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवते, कारण पुढचा जवळजवळ प्रत्येक सल्ला तिच्यातून निघतो. फोनवर कोड लिहिताना खरी अडचण टायपिंगची असते. प्रोसेसर पुरतो, मेमरी पुरते, लहान स्क्रीनचीही सवय होते. पण अंगठ्यानं महिरपी कंस शोधा, मग अधोरेषा शोधा, मग पुन्हा अक्षरांवर या, असं दर ओळीला करावं लागलं की माणूस वैतागून सोडून देतो. म्हणून जिथे एक अक्षर वाचवता येईल तिथे ते वाचवायचं. ॲप निवडताना, कीबोर्ड लावताना, आज्ञा देताना, प्रत्येक वेळी हाच प्रश्न विचारायचा: यात टाइप कमी करावं लागेल का?

लेखातल्या आज्ञा आणि कोडच्या ओळी मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. फोनवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे स्पेलिंगचा घोळ होईल असं वाटलं तिथे अक्षरं सुटी करून सांगितली आहेत.

आधी कीबोर्ड

कोडचं ॲप उतरवण्याआधी हे करा. फोनचा नेहमीचा कीबोर्ड गप्पा मारण्यासाठी बनवलेला असतो. तो आपल्या मदतीला म्हणून जे जे करतो, ते सगळं कोडला घातक ठरतं. ओळीच्या सुरुवातीला तो आपणहून मोठं अक्षर करतो, आणि पायथनला ‘प्रिंट’ मधलं पहिलं अक्षर मोठं झालेलं चालत नाही. दोनदा स्पेस दिली की तो पूर्णविराम टाकतो. ओळखीचा नसलेला शब्द तो ‘सुधारतो’. गूगलचा जीबोर्ड वापरत असाल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘टेक्स्ट करेक्शन’ नावाचा भाग आहे. तिथे जाऊन ऑटो-करेक्शन, ऑटो-कॅपिटलायझेशन आणि दोन स्पेसचा पूर्णविराम या तिन्ही गोष्टी बंद करा.

तेवढ्यानं भागतं, पण बरं होत नाही. कोडसाठी वेगळा कीबोर्ड ठेवणं हे फोनवर करता येण्यासारखं सगळ्यात मोठं काम, असं माझं ठाम मत आहे. ‘अनएक्स्पेक्टेड कीबोर्ड’ हा मोफत आणि मुक्त स्रोत (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असा) कीबोर्ड प्ले स्टोअरवरही आहे आणि एफ-ड्रॉइड या मुक्त स्रोत ॲपांच्या भांडारावरही. त्यात प्रत्येक बटणाच्या कोपऱ्यांत चिन्हं बसवलेली असतात. बटणावर बोट ठेवून त्या कोपऱ्याकडे सरकवलं की चिन्ह उमटतं. कंस, अधोरेषा, तिरकी रेघ यांसाठी दुसऱ्या पानावर जावं लागत नाही. कंट्रोल, एस्केप, टॅब ही फोनवर सहसा न दिसणारी बटणंही त्यात आहेत. पहिले दोन-तीन दिवस बोटं अडखळतील, मग हात बसतो. मराठीत चॅटिंग करायला जुना कीबोर्ड असू द्या, दोन्हींत अदलाबदल करायचं चिन्ह स्पेसबारच्या आसपास किंवा स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर दिसतं.

फोन उभाच धरा. आडवा धरल्यावर ओळ लांब दिसते खरी, पण कीबोर्ड अर्ध्याहून जास्त स्क्रीन खातो आणि कोडच्या दोन-तीन ओळीच उरतात. उभ्या फोनवर ओळ लहान ठेवायची शिस्त लागते. पायथनच्या लेखनशैलीत ओळ ७९ अक्षरांपर्यंत असावी असा संकेत आहे. फोनवर मी चाळिसाच्या आसपास थांबते.

पहिला प्रोग्राम

सुरुवात पायथननं करा. त्यात महिरपी कंस आणि अर्धविराम जवळजवळ लागत नाहीत, म्हणजे अंगठ्याचे कष्ट आपोआप कमी होतात. प्ले स्टोअरवरून ‘पायड्रॉइड ३’ घ्या. ते एकदा उतरवलं की पुढे इंटरनेट लागत नाही. सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातल्या डोंगराळ गावांत राहणाऱ्यांना, आणि पावसात वीज गेली की ज्यांचा वायफाय बंद पडतो त्या सगळ्यांना, याचं मोल कळेल. ॲपमध्ये वर कोड लिहायची जागा आणि तो चालवायचं पिवळं बटण असतं, कीबोर्डच्या वर नेहमी लागणाऱ्या चिन्हांची पट्टी असते.

उदाहरण घरचंच घेऊ. भाटातल्या, म्हणजे बागेतल्या, माडांचे नारळ पाडून घेतले, पाडेल्याला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, माडामागे मजुरी दिली, नारळ नगावर विकले. हातात किती उरलं? कागदावर होणारा हिशेब आहे, म्हणून तर पहिल्या प्रोग्रामला चांगला. उत्तर बरोबर आलं का ते लगेच पडताळता येतं.

माड = इंट(इनपुट("माड किती? "))
दर = इंट(इनपुट("माडामागे मजुरी? "))
नारळ = इंट(इनपुट("नारळ किती? "))
भाव = इंट(इनपुट("नगाचा भाव? "))
उरले = नारळ * भाव - माड * दर
प्रिंट("हातात उरले:", उरले)

‘इंट’ म्हणजे आय-एन-टी, ‘इनपुट’ म्हणजे आय-एन-पी-यू-टी, ‘प्रिंट’ म्हणजे पी-आर-आय-एन-टी. इनपुट प्रश्न विचारतो आणि तुम्ही लिहिलेलं उत्तर घेतो. ते उत्तर पायथनच्या लेखी नुसता मजकूर असतो. त्याचा आकडा करायचं काम इंट करतो. तो चारही ओळींतून काढून टाकून एकदा चालवून बघा, पायथन गुणाकाराला नकार देईल, आणि ही गोष्ट कायमची लक्षात राहील.

पहिल्या चार ओळी सारख्याच घडणीच्या आहेत. चारही टाइप करू नका. पहिली लिहा, बोट दाबून धरून निवडा, कॉपी करा, तीनदा पेस्ट करा आणि नावं तेवढी बदला.

माड, दर, नारळ ही नावं देवनागरीत ठेवली तरी पायथन ३ ती मुकाट्यानं घेतं. अवतरणचिन्हांतले प्रश्न तर मराठीत असायलाच हवेत, कारण प्रोग्राम वापरणार ते घरचे लोक. नावांचं मात्र मी वेगळं सांगेन. दर ओळीत दोनदा कीबोर्ड बदलावा लागत असेल तर नावं इंग्रजी अक्षरांत, पण मराठी शब्दांची ठेवा. एम-ए-ए-डी लिहिलं तरी तो माडच, आणि अंगठा वाचतो. आणखी एक सुखद गोष्ट: प्रोग्राम चालू असताना कुणी उत्तर म्हणून देवनागरी आकडे, म्हणजे २५ असं लिहिलं, तरी इंट त्याचा बरोबर आकडा करतो. कोडच्या ओळीत लिहिलेला आकडा मात्र इंग्रजीच लागतो. भावात पैसे असतील, साडेबावीस वगैरे, तर इंटच्या जागी ‘फ्लोट’ वापरा; एफ-एल-ओ-ए-टी.

आता त्याला एक अट जोडा.

इफ उरले < ०:
  प्रिंट("यंदा तोटा")

इथला शून्य अर्थात इंग्रजी टाइप करायचा. दुसरी ओळ दोन स्पेस आत सरकली आहे आणि पायथनमध्ये ही जागा शोभेसाठी नसते. ती ओळ अटीच्या पोटातली आहे हे पायथनला त्या जागेवरूनच कळतं. पुस्तकांत चार स्पेस दिसतील. भाषेला दोनही चालतात, अट एवढीच की एका फाइलमध्ये एकच माप पाळायचं. फोनवर दोन ठेवा: टायपिंग वाचतं आणि ओळ उजवीकडे पळत नाही. कॉलेजात चारच हवेत असं सांगितलं असेल तर शेवटी बदलता येतात.

पुस्तकावरून सराव करत असाल तर पुस्तक कागदाचं असलेलं बरं. एकाच स्क्रीनवर वर धडा आणि खाली कोड ठेवला की कीबोर्डला जागाच उरत नाही. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ पासूनचं. तिथे टेबलावर पुस्तक उघडून शेजारी फोन ठेवून बसा. जे काम घरी तासभर रेंगाळतं ते तिथे चटकन होतं.

लाल अक्षरं आली की

येणारच; प्रोग्राममध्ये चूक असली की पायथन लाल अक्षरांत तसा संदेश देतो. ती वाचायची पद्धत एकच: शेवटची ओळ आधी वाचा, मग वरच्या ओळींत ओळीचा क्रमांक शोधा. लांबलचक संदेशाला बिचकून स्क्रीन बंद करणारी मुलं मी बघितली आहेत. त्यांना हवं असलेलं उत्तर त्याच शेवटच्या ओळीत होतं.

फोनवर ठरावीक चुका पुन्हा पुन्हा होतात. ‘नेमएरर’ आला तर बहुतेक वेळा कुठेतरी मोठं अक्षर घुसलेलं असतं किंवा नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं लिहिलेलं असतं. ‘इंडेंटेशनएरर’ म्हणजे स्पेसचं माप चुकलं. ‘व्हॅल्यूएरर’ म्हणजे आकड्याच्या जागी कुणी ‘४५ रु.’ असं लिहिलं. सगळ्यात छळतो तो ‘सिंटॅक्सएरर’, ज्यात ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ असं म्हटलेलं असतं. डोळ्यांना ओळ निर्दोष दिसते. दोष असतो अवतरणचिन्हांत. कोडला सरळ, उभी अवतरणचिन्हं लागतात; छापील मजकुरातली वळणदार चिन्हं त्याला परकी. संदेशातून, पीडीएफमधून, वेब पानावरून कोड उचलला की ही वळणदार चिन्हं सोबत येतात. ती पुसून स्वतः टाइप करा.

याच कारणानं मित्राला कोड पाठवताना व्हॉट्सॲपच्या संदेशात चिकटवू नका. तिथे शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा असेल तर तो ठळक होतो, अधोरेषा असेल तर तिरका, आणि चिन्हं दिसेनाशी होतात. कोडची फाइलच जोडून पाठवा.

एआयला विचारावं का? चूक दाखवणारा संदेश समजत नसेल तर जरूर विचारा, समजावून घ्या. पण पहिले काही आठवडे पूर्ण प्रोग्राम त्याच्याकडून लिहून घेऊ नका. फोनच्या स्क्रीनवर एका वेळी वीसेक ओळी दिसतात. दुसऱ्यानं लिहिलेल्या दोनशे ओळींत चूक कुठे आहे हे नवख्याला तिथे सापडत नाही, आणि टायपिंग वाचवायच्या नादात शिकणंच वाचवल्यासारखं होतं.

टर्मक्स: फोनमधलं लिनक्स

आठवडाभर पायड्रॉइडवर हात बसला की टर्मक्स हे ॲप घ्या. लिनक्स या संगणक-प्रणालीतल्या आज्ञा त्यात फोनवर चालवता येतात. त्यात काळ्या पडद्यावर आज्ञा लिहाव्या लागतात, म्हणून अनेक जण घाबरतात. पण टाइप कमी करायच्या जितक्या युक्त्या इथे आहेत तितक्या दुसऱ्या कुठल्याच ॲपमध्ये नाहीत.

एफ-ड्रॉइडच्या संकेतस्थळावरून टर्मक्सची फाइल उतरवा. अँड्रॉइड १० नंतर गूगलचे नियम कडक झाले, तसं प्ले स्टोअरवरच्या टर्मक्सचं अद्ययावतीकरण २०२० मध्ये अडकलं. नंतर तिथे आलेली आवृत्ती वेगळी वागते. मार्गदर्शनात सांगितलेलं सगळं चालायला हवं तर एफ-ड्रॉइडचीच बरी. टर्मक्सची जोड-ॲपंही मग तिथूनच घ्या, कारण दोन ठिकाणांहून आणलेली ॲपं एकमेकांशी जुळत नाहीत. ब्राउझरला ‘अनोळखी ॲप’ बसवायची परवानगी फोन मागेल. तेवढ्यापुरती द्या आणि काम झालं की काढून घ्या.

उघडल्यावर या चार आज्ञा द्या, एकेक करून, प्रत्येकीनंतर एंटर. वायफायवर बसून करा.

पीकेजी अपडेट
पीकेजी अपग्रेड
पीकेजी इन्स्टॉल पायथन
टर्मक्स-सेटअप-स्टोरेज

मध्येच हो की नाही असं विचारलं तर वाय दाबून एंटर. जुनी सेटिंगची फाइल ठेवू की नवी, असं विचारलं तर नुसतं एंटर. चौथ्या आज्ञेनंतर फोन परवानगी मागतो. ती दिली की टर्मक्समध्ये ‘स्टोरेज’ नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यातून फोनचे डाउनलोड्स वगैरे गाठता येतात.

इथे नीट लक्ष द्या. टर्मक्सचं स्वतःचं एक घर असतं, आणि हा स्टोरेज फोल्डर म्हणजे बाहेरच्या जागेकडे जाणारा दरवाजा. कोड घरात ठेवा. बाहेरच्या सामायिक जागेत अँड्रॉइड प्रोग्राम चालवू देत नाही, पुढे येणारं गिट हे साधनही तिथे कुरकुर करतं. पण घरातल्या कोडला एक धोका आहे: टर्मक्स अनइन्स्टॉल केलं की घर पूर्ण पुसलं जातं. ‘जागा कमी आहे’ म्हणून घाईत ॲप काढलं आणि सत्राचं काम गेलं, असं व्हायला नको. म्हणून प्रत दुसरीकडे हवीच. त्याचं पुढे सांगते.

आता टायपिंग वाचवायला लागा. कीबोर्डच्या वर एस्केप, टॅब, कंट्रोल, ऑल्ट आणि बाण अशी पट्टी दिसते. फाइलच्या नावाची पहिली दोन अक्षरं लिहून टॅब दाबा, उरलेलं नाव टर्मक्स पुरं करतं. वरचा बाण दाबला की मागची आज्ञा परत येते. तीच आज्ञा पुन्हा टाइप करणं आजपासून बंद. कंट्रोल धरून आर दाबा आणि जुन्या आज्ञेतली दोन-तीन अक्षरं द्या, ती शोधून समोर येते. आवाज कमी करायचं बटण कंट्रोलसारखं वापरता येतं. प्रोग्राम अडकला तर कंट्रोल आणि सी. दोन बोटांनी चिमटा घेतल्यासारखं केलं की अक्षरं लहानमोठी होतात. डाव्या कडेवरून बोट आत ओढलं की दुसरा पडदा उघडता येतो, म्हणजे एकीकडे कोड, दुसरीकडे चालवणं.

लिहायला ‘नॅनो’ हा साधा एडिटर, म्हणजे कोड लिहायचं साधन, पुरे. ‘नॅनो नारळ.पीवाय’ असं लिहिलं की फाइल उघडते. कंट्रोल आणि ओ, मग एंटर, की जतन. कंट्रोल आणि एक्स की बाहेर. मघाच्या सारख्या चार ओळी आठवा: कर्सर ओळीवर ठेवून कंट्रोल आणि के दाबलं की ओळ कापली जाते, आणि मग कंट्रोल आणि यू चारदा दाबलं की तीच ओळ चारदा उमटते. निवडायला बोट दाबून धरा, निळे ठिपके ओढा, ही कसरत संपली. पुढे कधी ‘व्हिम’ हा दुसरा एडिटर शिकलात तर आणखी चैन: तिथे ओळ पुसणं, कॉपी करणं, पेस्ट करणं ही कामं एकदोन साध्या अक्षरांवर होतात, कंट्रोलही लागत नाही. व्हिम फोनसाठी बनवलेला नव्हता, तरी अंगठ्यांना तोच सगळ्यात सोयीचा पडतो. मात्र पहिल्या महिन्यात त्याच्या वाटेला जाऊ नका.

नॅनोच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, तिचं नाव बिंदूनं सुरू होणारं ‘.नॅनोआरसी’, तीन ओळी लिहून ठेवा: ‘सेट टॅबसाइझ २’, ‘सेट टॅब्सटूस्पेसेस’, ‘सेट ऑटोइंडेंट’. मग टॅब एकदा दाबला की दोन स्पेस पडतात आणि पुढची ओळ आपोआप तेवढीच आत येते. तसंच ‘.बॅशआरसी’ या फाइलमध्ये ‘एलियस पी=पायथन’ अशी ओळ टाकली आणि टर्मक्स पुन्हा उघडलं की ‘पायथन’ लिहायच्या जागी एकटं पी चालतं.

दोन अडचणी सांगून ठेवते. टर्मक्सच्या पडद्यावर मराठी मात्रा आणि जोडाक्षरं विस्कटून दिसू शकतात, कारण तिथे प्रत्येक अक्षराला चौकट ठरलेली असते. फाइलमधला मजकूर ठीक असतो, ब्राउझरमध्ये उघडला की नीट दिसतो. मराठी मजकुराची लांबी मोजतानाही गंमत होते. ‘पणजी’ ही तीन अक्षरं, पण पायथन चार मोजतो, कारण वेलांटी वेगळी धरली जाते. नावांचे रकाने आखायचा प्रोग्राम केलात तर हे ध्यानात असू द्या. दुसरी अडचण अँड्रॉइड १२ पासूनची. दुसऱ्या ॲपमध्ये गेलात आणि परत आल्यावर ‘प्रोसेस कम्प्लिटेड, सिग्नल ९’ असं काही दिसलं, तर तुमचा कोड चुकलेला नाही. बॅटरी आणि मेमरी वाचवायला अँड्रॉइडनं तो मारला. बॅटरीच्या सेटिंगमध्ये टर्मक्सवरचे निर्बंध काढा आणि त्याच्या नोटिफिकेशनमधलं ‘वेकलॉक’ चालू करा. त्यानं काही वेळा भागतं.

सी शिकणाऱ्यांसाठी

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला सी असेल तर ‘पीकेजी इन्स्टॉल क्लँग’. सीच्या कोडचा चालणारा प्रोग्राम क्लँग बनवतं. फाइल तयार झाली की ‘क्लँग नारळ.सी -ओ नारळ’ आणि मग चालवायला टिंब, तिरकी रेघ, नारळ. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर फाइल टर्मक्सच्या घराबाहेर आहे, घरात आणा. जुन्या पुस्तकांतल्या प्रोग्रामांत ‘कोनिओ.एच’, ‘सी-एल-आर-एस-सी-आर’, ‘गेटसीएच’ असं असतं. ती डॉस या जुन्या संगणक-प्रणालीच्या काळातली साधनं, क्लँगला ती माहीत नाहीत. त्या ओळी गाळल्या तर बाकीचा प्रोग्राम सहसा चालतो.

वेब पान करायचं असेल तर

यासाठी ‘एकोड’ हा मुक्त स्रोत एडिटर घ्या. एचटीएमएलची, म्हणजे वेब पानाच्या भाषेची, फाइल करा, चालवायचं बटण दाबा, पान तिथल्या तिथे दिसतं. कोन कंसांची भाषा असल्यामुळे टायपिंग वाढतं, पण एकोडमध्ये अर्धा शब्द लिहून सुचवलेला पर्याय निवडता येतो आणि बंद करायचा कंस तो स्वतः टाकतो. टर्मक्सच्या घरातला फोल्डरही एकोडमध्ये उघडता येतो: नवा स्टोरेज जोडताना येणाऱ्या यादीत टर्मक्स निवडायचं. मग लिहायचं एकोडमध्ये, चालवायचं टर्मक्समध्ये. मला स्वतःला हीच जोडी सगळ्यात आवडते.

पहिलं पान कुठलं करावं? गावच्या भजनी सप्ताहात कुठल्या वेळी कुणाची पाळी, याचं करा. यादी, तक्ता, मथळे सगळं त्यात येतं, आणि बघणारे लोक खरे असतात. पानाच्या डोक्यात ‘व्ह्यूपोर्ट’ची ओळ विसरू नका. ती नसेल तर फोनवर पान मुंगीएवढ्या अक्षरांत दिसतं, आणि सप्ताहाला येणारे सगळे ते फोनवरच बघणार आहेत.

कोडची प्रत बाहेर ठेवा

त्यासाठी गिट आणि गिटहब. गिट हे लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेलं साधन. तुमच्या कोडमध्ये कधी काय बदललं याची नोंद ते ठेवतं. गिटहब ही त्या नोंदींची प्रत ठेवणारी जागा. खातं मोफत मिळतं.

नवख्यांची गाडी अडते ती पासवर्डवर. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब आज्ञांमधून खात्याचा पासवर्ड स्वीकारत नाही, त्याच्या जागी लांबलचक टोकन लागतं. ते फोनवर टाइप करायचं म्हणजे शिक्षाच. सोपी वाट अशी: ‘पीकेजी इन्स्टॉल गिट जीएच’, आणि मग ‘जीएच ऑथ लॉगिन’. ते काही प्रश्न विचारतं. गिटहब डॉट कॉम निवडा, एचटीटीपीएस निवडा, गिटलाही हीच ओळख देऊ का याला हो म्हणा, आणि ब्राउझरनं लॉगिन करा. आठ अक्षरांचा संकेत मिळतो, तो ब्राउझरमध्ये टाकला की झालं. पुन्हा विचारणा नाही.

त्यानंतर रोजच्या आज्ञा तीनच: ‘गिट ॲड .’, ‘गिट कमिट -एम "काय बदललं"’ आणि ‘गिट पुश’. कमिट म्हणजे बदलाची नोंद करणं, पुश म्हणजे ती गिटहबवर पाठवणं. पहिल्या कमिटच्या वेळी नाव आणि ईमेल मागितलं जाईल. कोड सगळ्यांना उघडा ठेवला असल्यास ते ईमेल कुणालाही दिसतं, म्हणून गिटहबच्या सेटिंग्जमध्ये मिळणारा त्यांचाच ‘नोरिप्लाय’ पत्ता द्या. सार्वजनिक कोडमध्ये पासवर्ड, लोकांचे फोन नंबर, घरी पाहुणे ठेवत असाल तर त्यांच्या पासपोर्टचे तपशील, यातलं काहीही जाता कामा नये. नंतर पुसलं तरी गिटच्या जुन्या नोंदींत ते राहतं. सप्ताहाचं पान सगळ्यांना दाखवायला ‘गिटहब पेजेस’ आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन शाखा (ब्रँच) निवडली की थोड्या वेळात पत्ता मिळतो, पैसे लागत नाहीत.

घाईत एखादा शब्द बदलायचा असेल तर टर्मक्सही नको. ब्राउझरमध्ये गिटहबवरची फाइल उघडा, पेन्सिलचं चिन्ह दाबा, दुरुस्त करा, जतन करा.

आयफोन असेल तर

आयफोनवर टर्मक्स नाही. ‘ए-शेल’ किंवा ‘आयएसएच’ घ्या. दोन्ही मोफत आहेत. ए-शेलमध्ये पायथन आधीच असतं आणि ते वेगानं चालतं. आयएसएच आत लिनक्स उभं करतं, पण मंद चालतं. गिटसाठी ‘वर्किंग कॉपी’ चांगलं. सगळ्यात आधी सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड इथे जाऊन ‘स्मार्ट पंक्च्युएशन’ बंद करा, नाहीतर प्रत्येक अवतरणचिन्ह वळणदार होईल आणि प्रत्येक प्रोग्राम अडेल.

बाहेरचा कीबोर्ड आणि बसमधला वेळ

महिना-दोन महिने टिकून राहिलात तर ओटीजी जोडणी, म्हणजे फोनला यूएसबीची वस्तू लावायची छोटी वायर, घ्या आणि घरात कुणाचा जुना यूएसबी कीबोर्ड पडून असेल तर तो फोनला लावा. बहुतेक अँड्रॉइड फोन तो लगेच ओळखतात. ब्लूटूथचा असला तर जोडणीही नको. मग फोन आडवा ठेवा, भिंतीला किंवा पुस्तकाला टेकवा. स्क्रीनवरचा कीबोर्ड गेला की तेवढाच फोन मोठा वाटू लागतो, आणि कंट्रोलच्या सगळ्या युक्त्या खऱ्या बटणांवर येतात. दुकानात नवा घेताना एवढंच बघा की बाणांची बटणं पूर्ण आकाराची आहेत आणि एस्केप वेगळं आहे.

रोज पणजी-मडगाव कदंबनं जाणाऱ्यांनी बसमध्ये नवा कोड लिहायचा हट्ट धरू नये. हिंदकळत्या बसमध्ये एका कंसासाठी तीनदा चुकतं. तो वेळ वाचायला वापरा. काल लिहिलेली फाइल उघडा, ओळ न ओळ वाचा, नाव बदलायला हवं वाटलं, अट उलटी वाटली, तर तेवढंच दुरुस्त करा. कमिट करायला रेंज लागत नाही, ते फोनवरच होतं. पुश घरी पोचल्यावर. दुसऱ्यांचा कोडही असाच वाचा: गिटहबवरची एखादी छोटी पायथन फाइल घरून उतरवून न्यायची आणि प्रत्येक ओळ काय करते ते स्वतःला मराठीत सांगायचं. जिथे सांगता येत नाही तिथे पायथन उघडून ‘हेल्प’ लिहा, कंसात त्या आज्ञेचं नाव द्या आणि एंटर दाबा. माहिती फोनमध्येच असते, त्यालाही इंटरनेट लागत नाही. लांब माहिती वाचून झाली की बाहेर पडायला क्यू.